लोटन आबांचा फेरा

माझ्या लेकीच्या, जयाच्या मोबाइलमध्ये गावच्या फुटबॉल क्लबचे पुष्कळ फोटो आहेत. परवा ती लहान मुलींना ते दाखवत होती. हा जुना संघ, ही जुनी जर्सी, हे लोटन आबा. मुली म्हणाल्या, "ताई, आबांचं तोंड कुठंय?" जयाने सगळे फोटो मागेपुढे करून बघितले. आबांचं तोंड एकातही नव्हतं. सगळीकडे त्यांची पाठ. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे बांधलेले, आणि मान रस्त्याकडे.

ते तसेच होते. सामना चालू असताना बाकीचे जुने लोक खुर्ची टाकून नाहीतर मोटारसायकलला रेलून बघायचे. आबा उभे, आणि तेही चेंडूकडे पाठ करून. इतकी वर्षं क्लबचे अध्यक्ष होते, पण त्यांनी एकही गोल नीट पाहिला नसेल.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही आणि हे कोणाला दाखवायचंही नाही. पण फोटोत चेहरा नाही म्हटल्यावर मला चैन पडेना.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या बस स्टँडवर. माझं माहेर धुळ्याकडचं. लग्नानंतरची पहिली दिवाळी करून भाऊ मला सासरी पोहोचवायला निघाला होता. आमचं सासरचं गाव यावलच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून. बस भरली, कंडक्टरने शिट्टी मारली, गाडी मागे घ्यायची होती. तेवढ्यात ड्रायव्हर दार उघडून खाली उतरला आणि बसभोवती फिरू लागला. प्रत्येक चाकाशी वाकायचा, खाली बघायचा, पुढे जायचा.

"पूजा करतो का काय गाडीची?" मागून एक जण म्हणाला.

"दोरा आणून द्या रे त्याले," दुसरा म्हणाला, "वडाले गुंडाळतात तसा."

सगळी बस हसली. मी पण पदराआड हसले. मग ड्रायव्हर मागच्या बाजूने आला तेव्हा त्याच्या हाताला धरून एक म्हातारी होती. मागच्या चाकाला टेकून, गाठोडं उशाला घेऊन ती सावलीत झोपली होती. त्याने तिला फलाटावर बसवलं, गाठोडं मांडीवर दिलं, आणि येऊन आपल्या जागी बसला. गाडी मागे घ्यायच्या आधी त्याने खिडकीतून डोकं काढून ओरडून विचारलं, "मांगे कोन शे?"

आत्ताच स्वतः बघून आला होता, तरी विचारलं. कोणीतरी "कोनी नही" म्हणेपर्यंत गाडी हलली नाही.

ते लोटन आबा. पुढे कळलं की आमच्या गावची त्यांची सासुरवाडी, आणि नोकरी संपल्यावर ते इथेच घर बांधून राहिले, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. इथली बोली वेगळी. मी सासरी तोंड उघडलं की माझं अहिराणी "शे" ऐकून जावा हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. आबांनी एकदा विहिरीवर विचारलं, "माहेर कठलं शे तुनं, बहीण?" मला इतकं बरं वाटलं की मी गावाबरोबर गल्लीचंही नाव सांगून टाकलं. गावाशी ते गावासारखं बोलायचे. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत माहेरच्या बोलीत बोलले.

नोकरी संपून बस सुटली तरी फेरा सुटला नाही. लग्नाच्या मांडवात शिरायच्या आधी आबा मांडवाभोवती एक फेरा मारणार, दोऱ्या ओढून बघणार. नवीन घराच्या वास्तुशांतीला बोलावलं की आधी घराला फेरा. रात्री झोपताना खाटेखाली वाकून बघायचे, असं त्यांच्या बायकोने, शांताअक्काने, मला सांगितलं होतं. "तिथी कोन बसलं असन?" अक्का म्हणायची. "मीच काय ती एक, आनि मी वर हाये."

या भागात फुटबॉल म्हटलं की लोकांना नवल वाटतं. आमच्या गावची दोन-चार माणसं वरणगावच्या बाजूला नोकरीला होती, ती तिथे खेळायला शिकली आणि सुटीत येताना चेंडू घेऊन आली. मग पोरांना नादच लागला. क्लब काढायचा तर कागदावर कोणीतरी वडीलधारा अध्यक्ष हवा. पोरं आबांकडे गेली. आबांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "खेळता कोठी?"

पोरं खेळायची ती जागा आमच्या घराला लागून होती, आणि तिच्या दुसऱ्या अंगाला मोठा रस्ता. मध्ये कुंपण नाही, पाण्याची चारी नाही. केळीचे ट्रक उत्तरेकडे जाताना तिथे वेग घ्यायचे, कारण पुढे चढ होता. आबांनी त्या जागेला फेरा मारला आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. मग अध्यक्ष व्हायला हो म्हणाले.

मी नंतर एकदा अक्काला विचारलं होतं, एवढं भ्याव वाटतं तर ही जोखीम घेतली कशाला? अक्काने त्यांनाच हाक मारून विचारलं. आबा म्हणाले, "पोरं खेळनार म्हनजे खेळनारच. मी नसलो तर रस्त्यावर कोन उभं राहील?"

त्यांनी एकच नियम केला. चेंडू रस्त्याकडे गेला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. कोणी एक पाऊल टाकायचं नाही. आबा एकटे जाणार, दोन्ही तळहात वर करून ट्रकवाल्यांना थांबवणार, चेंडू काखेत घेऊन परत येणार. जो हलला तो महिनाभर बाहेर. चेंडू उडाला की मी घरातून बघायची. पोरं मूर्तीसारखी उभी, आणि आबांचा उजवा पाय जमिनीत दाबलेला. बसचा ब्रेक दाबावा तसा. चेंडू थांबला की पाय सैल व्हायचा.

चेंडू आमच्या घरी ठेवलेला असायचा, धान्याच्या कोठीमागे. मला तो घरात नको वाटायचा. माझी जया पाचवीत गेली आणि पोरांच्यात खेळायला लागली, तेव्हापासून तर तो चेंडू मला जिवंत वाटायचा. दुपारी भांडी घासतानाही माझे कान रस्त्याकडे असायचे. ब्रेक कर्रकन वाजला की हातातलं भांडं तिथेच.

एके दिवशी जया धावली. चेंडू रस्त्याकडे गेला, सगळे थांबले, आणि तिच्या काय मनात आलं कोण जाणे, ती धावली. मी दारात होते. मला ओरडता आलं नाही. माझा आवाज तसाही निघत नाही. आबा तिच्यापासून लांब होते. ट्रक आला आणि मोठा आवाज झाला. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा जया रस्त्याच्या अलीकडे, कडेलाच थबकून उभी होती आणि ट्रक निघून गेला होता. चेंडू चाकाखाली फुटला होता.

आबांना दोघांनी धरून आमच्या ओट्यावर आणलं. लागलं कुठेच नव्हतं, नुसतं भ्याव. जयाला ते रागावले नाहीत. रस्त्यावरून तो फुटका चेंडू मागवून घेतला, सदऱ्याने पुसला, आणि म्हणाले, "आजपासून इथी खेळ बंद. नवी जागा भेटली तं क्लब, नाही तं नाही."

पोरं चिडली. मोठी पोरं तर तोंडावर म्हणाली, "आबा, तुम्ही भित्रे हाये."

"हाये ना," आबा म्हणाले. "तुम्ही मले भित्राच समजून निवडलं होतं."

त्यानंतर आबा ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायला लागले. यावलला, जळगावला. क्लबला स्वतःचं मैदान आणि त्याला बसायची गॅलरी, एवढंच मागणं. पण आबा साहेबांना फार भ्यायचे. चप्पल दाराबाहेर काढून आत जायचे आणि आत गेल्यावर बोलणं आटायचं. म्हणून त्यांनी युक्ती काढली. तो फुटका चेंडू पिशवीत घालून न्यायचे आणि काही न बोलता साहेबाच्या टेबलावर ठेवायचे. एका साहेबाने पिशवीकडे बघून सांगितलं, "अहो, आम्ही असं काही घेत नाही. पपई घरी घेऊन जा." आबा सोबतच्या पोरांना हे सांगताना स्वतःच हसले. पण पिशवी त्यांनी सोडली नाही. जया पाचवीतून नववीत गेली, चेंडूचं चामडं वाळून पापडासारखं झालं, तरी ते जातच राहिले.

शेवटी गावातूनच वाट निघाली. गावाच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्यापासून लांब, गायरानाची जागा होती. पण तिच्या अर्ध्या भागात जुन्या वीटभट्टीचा मोठा खड्डा होता. सरपंच पंडितभाऊ ग्रामसभेत म्हणाले, "खड्डा तुम्ही भरून घ्या, जागा क्लबले."

खड्डा भरायला मुरूम कुठून आणायचा? आणि हिवाळ्यात केळीची कापणी जोरात होती. घड कापून झाला की खांब उरतो, हत्तीच्या पायासारखा, पाण्याने भरलेला. तो शेतात कोणाला नको असतो, बांधावर टाकून देतात. कोणीतरी म्हणालं, खांबच टाका. झालं. गावातले सगळे ट्रॅक्टर निघाले. शेतकरी खुश, कारण शेत मोकळं झालं. पोरं खुश, कारण खड्डा भरत होता. बायकासुद्धा टोपल्या घेऊन मातीला गेल्या, मी पण गेले. खांबांवर माती, मातीवर खांब, वरून पुन्हा माती. जमीन तळहातासारखी सपाट झाली. त्या दिवशी आबांनी स्वतः ट्रॅक्टर चालवला. इतका आनंदी माणूस मी कधी पाहिला नव्हता. आणि त्या दिवशी ते फेरा मारायला विसरले.

गॅलरीचा सरकारी निधी यायला वेळ लागला, आणि तोवर तिथे खेळायला परवानगी नव्हती. आला तेव्हा मोजणीवाले आले, सपाट जमीन बघितली आणि गॅलरीची जागा आखली. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर संध्याकाळचं ऊन येऊ नये म्हणून गॅलरी पश्चिमेला हवी होती. पश्चिमेला खाली खड्डा होता.

आबांना ते घरी आल्यावर लक्षात आलं. ते तसेच पंडितभाऊंकडे गेले. अक्का म्हणाली, परत आले तेव्हा तोंड उतरलं होतं. पंडितभाऊंनी सांगितलं होतं, "आबा, आता बोलले तं निधी माघारी जाईन. पोरं म्हातारी होतीन मैदानाची वाट पाहून. अन् खांबाची तं केव्हाच माती झाली असन." आबांनी ऐकून घेतलं. जया तेव्हा अकरावीत होती आणि क्लबच्या नव्या मुलींच्या संघात गोल अडवायला उभी राहायची. मुलींचा संघ कुठल्या तरी शाळेच्या आवारात सराव करायचा. आबांना वाटलं असेल, अजून थांबवलं तर या मुली खेळणार केव्हा?

गॅलरी बांधून झाली. विटांच्या रुंद पायऱ्या, वर सिमेंट, पिवळा रंग. गावातल्या बायका म्हणायच्या, आपल्याला पण बसायला जागा झाली बाई. आतापर्यंत बायका घरांच्या दारातून नाहीतर झाडाआडून बघत होत्या.

मधे एक पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला आबा आमच्या ओट्यावर आले आणि हळूच म्हणाले, "बहीण, वाढेल बांगडी शे का तुनाजोडे?"

बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण ती मागून न्यायला कोणी येत नाही. मी घाबरले. त्यांनी मला गॅलरीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे कोपऱ्यात, कोणी बघणार नाही अशा जागी, भिंतीला भेग होती. बोट जाईल एवढीही नव्हती. आबांनी माझा हिरवा बांगडीचा तुकडा भेगेवर आडवा धरला आणि दोन्ही टोकांना सिमेंट लावलं.

"भिंत हालनी तर काच तुटी," ते म्हणाले. "काच खोटं बोलत नही."

हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी रोज दुधाला जाताना वळसा घालून ते बघायची. काच धड दिसली की दिवस बरा जायचा. पण रात्री पडल्यावर मनात यायचं, गॅलरी भरलेली आहे, सगळ्या बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या आहेत, आणि खाली काहीच नाही. मी नवऱ्याला सांगायला जायची आणि शब्द परत गिळायची. कोण म्हणेल, हिला काय कळतं.

थंडीत उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार, मुलींचा सामना होणार, समोर धुळ्याचा संघ. उद्घाटनाला थोडे दिवस राहिले आणि एका सकाळी काच मधोमध तुटलेली दिसली. मी दुधाचं भांडं घेऊन तशीच आबांच्या घरी गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी घातली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे बसले होते. आबा तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "त्या गॅलरीत मानसं बसवू नका."

"काहून?" पंडितभाऊ म्हणाले.

"खाली खांब हाये. काच तुटली."

"बांगडी पाहून उद्घाटन बंद करू? आबा, पाहुण्यायले सांगू काय मी?"

लोक हसले. आबा घाबरलेले होते, पण हटले नाहीत. म्हणाले, "मंग आधी खांब बसवू. मानसाइतक्या वजनाचे खांब. एक दिवस बसू द्या. बुडाशी पाणी सोडू, पावसाळ्यासारखं. टिकली तं मानसं बसवा."

पारावर हसण्याचा कल्लोळ झाला. "आबा, खांबायले तिकीट लावता का?" "पहिल्या रांगेत नातेवाईक बसवा!" पंडितभाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "बसवा. पन नाही पडली तं उद्घाटनाले तुम्ही पहिल्या पायरीवर बसाचं. उभं राहाचं नाही."

"बसीन," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रॉल्या लागल्या. माझा नवरा केळी कापणाऱ्या टोळीत आहे. त्याच्याच टोळीने खांब आणले. एकेक खांब दोघांनी उचलायचा, पायरीवर उभा टेकवायचा. दुपार व्हायच्या आत सगळी गॅलरी भरली. खालपासून वरपर्यंत हिरवे, ओले खांब ओळीने बसलेले. पोरांनी एकाला टोपी घातली, एकाला उपरणं बांधलं. मोबाइलवर फोटो काढले. "हे आमच्या सासऱ्यासारखं दिसतं," एक जण म्हणाला. मी बायकांबरोबर दोरीच्या मागे उभी होते. मला हसू येईना. उद्घाटनाला त्या जागी आम्हीच बसणार होतो, आणि मला त्या प्रत्येक खांबाला तोंड दिसत होतं.

शेवटचा खांब ठेवल्यावर आबांनी सगळ्यांना खाली उतरवलं, दोरीमागे नेलं. टँकरचं पाणी पायाशी सोडलं. मग फेरा मारला, आणि जोरात विचारलं, "मांगे कोन शे?"

"कोनी नाही आबा!" पोरं खिदळली.

मग काहीच झालं नाही. ऊन कललं. गुरं परत यायला लागली. लोक कंटाळले, काही घरी गेले. पंडितभाऊंनी धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, "झालं समाधान? आता मीच बसून दाखवतो." आणि ते दोरी उचलून गॅलरीकडे निघाले.

आबा त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही तळहात वर. रस्त्यावर ट्रक थांबवायचे तसे.

"आबा, सरका."

आबा हलले नाहीत.

"गावासमोर माही शोभा करू नका. सरका म्हनतो ना!"

माझं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडे गेलं. तो जमिनीत दाबलेला होता.

मग जमिनीच्या आतून आवाज आला. मोठा नव्हता. पोटात गुडगुडतं तसा. डाव्या कोपऱ्यातला एक खांब वाकल्यासारखा झाला, त्याच्या शेजारचा त्याच्यावर रेलला, आणि तो सगळा कोपरा खाली बसला. भिंत आडवी फाटली. वरच्या पायऱ्यांवरचे खांब एकामागून एक घसरत, एकमेकांवर आपटत खाली आले. टोपी घातलेला खांब पंडितभाऊंच्या पायापर्यंत घरंगळत आला.

धूळ बसली. एक लहान पोर रडायला लागलं. बायका आपापली पोरं हाताला धरून मोजल्यासारखं बघत होत्या, जणू ती गॅलरीतच होती. मी जयाचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं.

आबांनी हात खाली घेतले आणि तिथेच उलटी केली.

मला वाटलं होतं, गाव आता आबांना डोक्यावर घेईल. तसं काही झालं नाही. उद्घाटन रद्द झालं, पाहुणे नाराज झाले, चौकशी लागली. आठ-पंधरा दिवसांत लोक म्हणायला लागले, एवढं पाणी ओतल्यावर कोणाचंही घर बसेल. चांगली उभी होती, म्हाताऱ्याने पाडली. ज्यांनी त्या दिवशी आपली पोरं छातीशी धरली होती, तेही म्हणायचे. आबा समोरून आले की पारावरचं बोलणं थांबायचं.

त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. पण एकदा ओट्यावर बसून मला म्हणाले, "पानी मीच टाकं ना? नसतं टाकं तर उभी राहती का व? तू सांग."

मी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

"माले आते त्यानंच भ्याव वाटस," ते म्हणाले. रस्ता सुटला, गॅलरी पडली, तरी त्यांचं भ्याव संपलं नव्हतं. ते नुसतं आतल्या बाजूला सरकलं होतं. ते खंगत गेले. काठी आली. शांताअक्का त्याच वर्षी गेली.

मोडलेली गॅलरी बरेच दिवस तशीच पडून राहिली. मुली उरलेल्या अर्ध्या मैदानात खेळायच्या. मग एका उन्हाळ्यात क्लबच्या पोरांनीच विटा काढायला घेतल्या. कोपरा मोकळा झाला तेव्हा माझ्या नवऱ्याने एक लांब बांबू जमिनीत घातला. बांबू जोर न लावता आत गेला. दुसरा जोडून घातला, तोही गेला. बाहेर काढला तर काळा, आणि असा वास की सगळे नाकाला उपरणं लावून मागे झाले. आत सगळं पोकळ होतं. पाणी टाकलं नसतं तरी एखाद्या पावसाळ्यात ते बसलंच असतं.

पंडितभाऊ तिथे आले होते. त्यांनी तो बांबू हातात घेऊन बघितला आणि घरी गेले. आबांची माफी मागायला कोणी गेलं नाही. पण त्या दिवसापासून पारावरचं बोलणं थांबायचं बंद झालं. लोक म्हणायचे, "या आबा, बसा."

आबांना हे सांगायला मीच गेले. बांबू किती आत गेला ते मी हाताने दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, "खरं शे?" मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

खड्डा उकरून मुरमाने भरला. गॅलरीसाठी पुन्हा अर्ज गेला आहे, पाटीवर अजून "नियोजित" लिहिलेलं आहे. पण पोरांनी थांबायचं सोडलं. पूर्वेच्या बाजूला जमीन मुळातच उंच आहे, तिथे त्यांनी मातीतच पायऱ्या कोरल्या, शेणाने सारवल्या. तिथे बसलं की संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. सगळा गाव कपाळाला हात लावून सामना बघतो.

तिथला पहिला मोठा सामना होता तेव्हा आबांचा धुळ्याला राहणारा मुलगा त्यांना कायमचं तिकडे न्यायला आलेला होता. सामान बांधून झालं होतं. आबा म्हणाले, सामना झाल्यावर निघू.

दोन्ही संघ मैदानात उतरले आणि आबा फेऱ्याला निघाले. काठी टेकत, एका हाताने माती चाचपत. पायऱ्यांच्या एका टोकापासून मागच्या बाजूने दुसऱ्या टोकापर्यंत. फार वेळ लागला. पंचाने शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. बावीस मुली उभ्या होत्या. पायऱ्यांवरचे लोक, पंडितभाऊसुद्धा, उभे राहिले होते, बसलं कोणी नव्हतं. कोणी हसलं नाही.

आबा फेरा पुरा करून बायका होत्या त्या बाजूला आले. धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "मांगे कोन शे?"

मी चार माणसांत कधी मोठ्याने बोललेली नाही. पण त्यांना आता कमी ऐकू यायचं. मी ओरडले, "कोनी नही, आबा! बसा!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आबा म्हणाले, "आते बसस मी," आणि काठीवर भार देत खालच्या पायरीवर बसले. मग बाकीचे बसले. शिट्टी वाजली.

तो सामना आबांनी तोंड मैदानाकडे करून बघितला. ऊन त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर होतं. टोपी थोडी मागे सरकलेली, डोळे बारीक केलेले, ओठ हलत होते. जया गोलमध्ये होती. चेंडू तिच्याकडे यायला लागला की आबांचा उजवा पाय दाबला जायचा, आणि तिने धरला की सैल व्हायचा.

सामना संपल्यावर मुलगा त्यांना गाडीत बसवून घेऊन गेला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

लोक पांगल्यावर मी पायऱ्या झाडायला गेले होते. ते बसले होते तिथे, पायाशी, टाच रुतून मातीत वाटीएवढा खळगा पडला होता. शेजारणीने सारवताना तो बुजवायला हात घातला. मी म्हटलं, राहू दे.